चाकं माझी होती

माघ संपत आला की अजूनही एखाद्या संध्याकाळी कल्याणच्या बाजूने धूर येतो. शेणी, ऐनाच्या टहाळ्या आणि पालापाचोळा एकत्र जळल्याचा, जरासा गोडसर आणि घशात बसणारा. पावसाळ्यात भाताचं रोप जिथे करायचं तेवढी जागा आधी भाजून घ्यायची, त्याला इकडे राब म्हणतात. आता शेतंच कितीशी उरली आहेत! कुठेतरी दोन टॉवरच्या मध्ये एखादा तुकडा विकायचा राहिलेला असतो आणि तिथे एखादा म्हातारा हट्टाने राब भाजत असतो. सून घाईघाईने बाल्कनीतले कपडे काढते. म्हणते, "आई, परत कोणीतरी कचरा पेटवलाय." तो वास आला की माझे हात आपोआप पाना शोधायला लागतात, हे तिला कसं सांगणार?

यंदा धूर आला त्याच दिवशी ठाण्यात, खोपटच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. एसटी डेपोच्या मागे माझं जुन्या मोटरसायकली आणि सुट्या भागांचं दुकान आहे. तरुण मुलगा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बोलायला गोड. फोनवरचं चित्र दाखवत म्हणाला, "काकू, मला माझी गाडी अशी करून हवी आहे. याला स्ट्रीट ट्रॅकर म्हणतात."

मी चित्र बघितलं. रुंद हँडल, आखूड सपाट सीट, पुढचं चाक मोठं, मागचा पसारा कापून टाकलेला, सायलेन्सर वर उचललेला.

"असं म्हणतात होय याला?"

"हो ना. बाहेरच्या देशांत खूप चालतं. आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. म्हणजे डोंबिवलीकडे पूर्वी कोणी मोरूशेठ होता म्हणे, त्याने पहिल्यांदा अशी गाडी बनवलेली. शेतात पळवायचा."

त्याला सांगितलेला भाव मी तिथल्या तिथे वाढवला. कारण त्याला कळलं नाही. बिचारा घासाघीस करत राहिला आणि मी एक पैसा सोडला नाही.

माझा राग शिळा झालेला नाही, हे इथे आधीच लिहून ठेवते. ज्यांना बायकांच्या लेखणीतून मायेच्या आठवणी वाचायच्या असतील त्यांनी दुसरं पान उघडावं.

ती गाडी झाली तेव्हा आम्ही ठाकुर्लीला राहायचो. घाग, म्हणजे माझे यजमान, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. कंपनी बंद पडली. हे साधे, शांत. दुसरी नोकरी शोधत फिरायचे आणि संध्याकाळी परत येऊन वर्तमानपत्राची घडी नीट घालून ठेवायचे. त्या घडीकडे बघून मला संताप यायचा. माझं माहेर संगमेश्वरकडचं. वडिलांचा धंदा जुनी होडी विकत घेऊन तिच्या फळ्या सुट्या विकायचा. मोडलेल्या वस्तूत किती जीव शिल्लक आहे हे ती न उचलता कसं ओळखायचं, ते मी त्यांच्या मागे फिरून शिकले होते. फळीच्या जागी लोखंड आलं एवढंच. अपघातात सापडलेल्या, वर्षानुवर्षं जिन्याखाली पडलेल्या मोटरसायकली मी घ्यायला लागले. हात लावायच्या आधी मालकाच्या चेहऱ्याकडे बघायचं. तो गाडीकडे बघून उसासा टाकत असेल तर भाव करायचा नाही, उद्या यायचं. तो गाडीकडे न बघता दाराकडे बघत असेल तर आत्ताच बोलायचं.

स्टेशनजवळ एक गाळा भाड्याने घेतला. आधी नट खोलायला माणूस ठेवला होता. तो खाडे करायला लागला तेव्हा मीच पाना हातात घेतला. पदर खोचून जमिनीवर बसून काम करणारी बाई बघायला लोक थांबायचे. थांबलेल्या माणसाला मी काहीतरी विकल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

रस्त्यावरची गाडी खोलताना एक मजेदार गोष्ट लक्षात येते. तिच्यावर चालवणाऱ्यासाठी फार थोडं असतं. बाकीचं सगळं इतरांसाठी. मागे बसणाऱ्याचे पाय ठेवायला फुटरेस्ट. सामानाला कॅरियर. मागून येणाऱ्याच्या अंगावर चिखल उडू नये म्हणून लांब मडगार्ड. बायकोचा पदर चाकात जाऊ नये म्हणून डाव्या बाजूला साडीगार्ड. संसारी माणसासारखीच असते ती. माझ्याकडे साडीगार्डांचा ढीग साठला होता. त्या जाळ्या काढून फेकताना सुरुवातीला मला जरा चोरटं वाटायचं, मग वाटेनासं झालं. एकेक ओझं उतरलं की गाडी जॅकवर उभ्या उभ्याच वेगळी दिसायची. खांदे वर काढून उभी असल्यासारखी.

पण शेतात पळणारी गाडी करायची हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते मोरूशेठने आणलं, एवढं श्रेय त्याचं आहे आणि ते मी देते.

मोरेश्वर पाटील हा शिळफाट्याच्या अलीकडच्या गावातला. अंगाने भरलेला, मिशी रंगवलेली, हसला की सगळं दुकान हलायचं. छकड्यांच्या शर्यतीचा शौकीन. भात कापून झालं, वालाच्या शेंगाही निघाल्या की इकडची शेतं पाऊस येईपर्यंत मोकळी. मधले बांध फोडून लांबलचक धावपट्टी करायची आणि बैलांचे छकडे सोडायचे. त्या वर्षापासून छकडे झाल्यावर दुपारी मोटरसायकलीही सोडायचं ठरलं होतं. मोरूशेठने आपली शंभर सीसीची टू-स्ट्रोक आणून माझ्या गाळ्यासमोर उभी केली.

"बाय, या गारीला हलकी करून दे. माज्या शेतात उरी मारली पायजे तिनं."

"शेत कसं आहे ते बघितल्याशिवाय मी हात लावत नाही."

"तू? शेतान?"

"का? चिखल नाहीये ना आता. ढेकळंच आहेत. ढेकळांना मी घाबरत नाही, शेठ."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेतात गेले. चारी बाजूंनी राब धुमसत होते. जमीन भाजल्या मडक्यासारखी टणक आणि मध्ये मध्ये तडकलेली. भाताची धसकटं वहाणेतून टोचत होती. मी वाकून ढेकूळ उचललं, चुरडलं, परत टाकलं. रस्त्यावरचं पुढचं चाक या ढेकळात डोकं घालणार हे दिसतच होतं. मोठं चाक पाहिजे, बटणासारख्या गठ्ठ्यांचे टायर पाहिजेत, आणि गाडी वेगाला नव्हे तर ओढीला बांधायला पाहिजे. मोरूशेठ मागे उभा राहून बघत होता. त्याने मला शहाळं फोडून दिलं. माणूस दिलदार होता. म्हणून तर राग जात नाही. वाईट माणसाने फसवलं तर आपण एकदा शिव्या घालून मोकळे होतो.

तिथेच, त्याच्या गावदेवीच्या देवळासमोर, सौदा झाला. मजुरी काय घेणार, त्याने विचारलं.

मी शर्यतीचे पुकारे ऐकलेले होते. छकडे सुटायच्या आधी भोंग्यावरून मालकाचं नाव पुकारतात. गावदेवी प्रसन्न, अमके अमके, मुक्काम अमका. पंचक्रोशीतली माणसं कान देऊन ऐकत असतात. आणि त्यात एक रीत होती. एखाद्याकडे एकच चांगला बैल असला, तर तो दुसऱ्या गावच्या मालकाच्या बैलाशी जोड लावायचा. मग पुकारा दोघांच्या नावाने व्हायचा. एक बैल याचा, एक त्याचा, नाव दोघांचं.

मी म्हटलं, "मजुरी नको. जोड लावू."

"कसली जोर?"

"इंजिन आणि चेसिस तुमची. चाकं, पुढचा फोर्क, हँडल, सीट, सायलेन्सर माझं. दोन बैल झाले की नाही? नाव दोघांचं पुकारायचं. मोरेश्वर पाटील आणि सुमती घाग."

तो इतका हसला की देवळातली कबुतरं उडाली. पण हसता हसता विचारही करत होता. मजुरी वाचत होती. माझा हिशेब वेगळा होता. त्या भोंग्यावरून एकदा नाव गेलं तर कल्याणपासून पनवेलच्या रस्त्यापर्यंतची निम्मी गिऱ्हाइकं मला न शोधता सापडणार होती. आणि खरं सांगायचं तर निव्वळ हिशेबही नव्हता. मला ते नाव हवेत ऐकायचं होतं.

"चल, जाली जोर," तो म्हणाला.

जोड ठरली की मालकांनी एकमेकांच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा, अशी तिथली पद्धत. मी त्याच्या गाडीच्या टाकीवर हात ठेवला. माझा बैल तिथे नव्हता. मग पोत्यातून मी नमुन्याला आणलेली एक रिम काढली आणि त्याने तिच्यावर हात ठेवला. देवळाच्या पायरीवर बसलेले चार म्हातारे बघत होते.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही अंगात जोर येतो. पुढे जुन्या साडेतीनशेच्या गाडीचं मोठं चाक बसवलं. आस जुळेना, म्हणून लेथवाल्या टर्नरकडे तीनदा जाऊन बुश करून घेतले. तो म्हणाला, "बाई, हे असं कोणी करत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तर तुमच्याकडे आणलंय, नाहीतर समोरच्याकडे गेले नसते का?" मागच्या चाकाची रिम, हब, तारा सगळं माझ्या भंगारातलं. तारा ओढून रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला मला दोन दुपारी लागल्या. चाक फिरवायचं, खडू टेकवायचा, जिथे रेघ उठेल तिथली तार सैल करायची, समोरची आवळायची. शेवटी चाक फिरत राहिलं आणि खडू कुठेच लागेना, तेव्हा मी एकटीच गाळ्यात मोठ्याने "हां!" म्हणाले. मागचं चेनचं चक्र जास्त दातांचं घातलं, म्हणजे ओढ वाढली. सायलेन्सर वाकवून मांडीच्या उंचीला आणला. मोरूशेठच्या गाडीची शेपटी, म्हणजे सीटखालची मागची पट्टी, करवतीने कापायची वेळ आली तेव्हा तो स्वतः हजर होता आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"शेठ, ऑपरेशन तुमचं नाहीये."

"बाय, हप्ता भरलाय मी या गारीचा. सगळा हप्ता."

घाग बाकावर बसून बघायचे. मध्ये मध्ये चहा आणायचे. एकदा त्यांनी विचारलं, "अगं, एवढं सगळं काढून टाकलंस, मग हिच्यात राहिलं काय?"

"जायला जेवढं लागतं तेवढं," मी म्हटलं.

ते उत्तर मला तेव्हा सहज सुचलं. नंतर मी ते स्वतःलाही पुष्कळदा दिलं. माणसं वाढत्या वयात अंगावर कॅरियर लावत जातात. मी काही कमी लावले नाहीत. ठाण्यात दुकान, दोन गाळे, मुलाचं शिक्षण, सोसायटीची सेक्रेटरीगिरी. पण भाव करायला बसले की आजही मी आतून ती कापलेली गाडी असते. समोरच्याला वाटतं बाई चिडली. बाई चिडलेली नसते, हलकी झालेली असते.

शर्यतीचा दिवस. सकाळभर छकडे पळाले. धुळीने सूर्य तांबडा दिसत होता, इतकी धूळ. कडेला भेळ, ताडगोळे, उसाचा रस. बायका होत्या, पण लांब, झाडाखाली, आपापल्या घोळक्यात. धावपट्टीच्या दोरीपाशी मी एकटीच होते. घाग माझ्या मागे उभे राहिले. त्यांच्या हातात माझी हत्यारांची पिशवी.

दुपारी गाड्या आल्या. बाकीच्यांनी फक्त मडगार्ड काढले होते. आमची गाडी आणली तेव्हा माणसं दोरीवर वाकली. कोणी म्हणालं, "ही मेंढी भादरली का?" कोणी म्हणालं, "अरे, नागरी हाय, नागरी!" मोरूशेठच्या बायकोने गाडीला हळदकुंकू लावलं, बैलाला लावतात तसंच. हँडलला घुंगरमाळ बांधली. मी घुंगरं राहू दिली. शकुनाशी भांडू नये. गाडी चालवायला मोरूशेठचा पुतण्या दिनेश होता, काटकुळा आणि अजिबात न घाबरणारा.

भोंगा एका बैलगाडीवर बांधला होता आणि शेजारी माईक घेऊन बाळाराम भगत. पुकाऱ्याचा मान त्याच्या घराण्याकडे. आवाज असा, की खाडीपलीकडे ऐकू जावा. एका वेळी दोन गाड्या सोडत होते. आमचा नंबर आला. मी भोंग्याकडे कान दिला.

"गावदेवी प्रसन्न! मोरेश्वर पाटील! सोडा!"

बास. गाडी सुटलीही. तिने पहिल्या ढेकळावर डोकं वर घेतलं, दुसऱ्यावर मागचं चाक घट्ट रोवलं आणि अशी गेली, की बरोबर सुटलेली गाडी फोडलेल्या बांधापाशी पोचायच्या आधी आमची वळून परत निघाली होती. मी धावत मोरूशेठकडे गेले.

"नाव कुठे माझं?"

"अगो, पयल्या फेरीत एकच पुकारतान. अजून फायनल बाकी हाय ना. दोघांचा घेऊ."

माझा विश्वास नव्हता. पण भरल्या मैदानात भांडण काढायचं तर आधी बाजू पक्की हवी. मी थांबले.

दुसऱ्या फेरीआधी मोठा घोळ झाला. पहिली फेरी जिंकली म्हणून गावकऱ्यांनी मूठमूठ गुलाल घेतला आणि जिंकल्या बैलावर उधळतात तसा गाडीवर उधळला. वजन वाचवायला मी हवेच्या फिल्टरचा डबा काढून तिथे नुसती बारीक जाळी बसवली होती. "अरे मेल्यांनो, बैलाला नाक असतं, तो शिंकतो!" मी ओरडत पळत गेले. उशीर झाला होता. किक मारल्यावर गाडी दोनदा खोकली आणि सायलेन्सरमधून गुलाबी धूर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, करामत आहे. मी तिथेच बसले, कार्बोरेटर खोलला, पेट्रोलने धुतला, तोंडाने फुंकला. ओठ लाल, दात लाल. घाग माझ्यावर छत्री धरून उभे होते, गुलाल परत पडू नये म्हणून. भगत वरून बघत होता. म्हणाला, "लवकर कर, बाय." मी केलं. गाडी सुरू झाली, एका आवाजात.

"गावदेवी प्रसन्न! मोरेश्वर पाटील! सोडा!"

तीही फेरी आम्ही जिंकलो.

फायनलच्या आधी मी बैलगाडीच्या चाकावर पाय ठेवून सरळ भगतापर्यंत चढले. तोंड तसंच लाल. मोरूशेठ खालून, "उतर, उतर," करत होता.

"भगतबुवा, ही जोड आहे. दोन नावं पुकारायची."

भगताने माईक हाताने झाकला. "बाय, माज्या बापाशीनं पन बाईचा नाव कवा पुकारला नाय. मी कसा पुकारू?"

"जोड लागली तेव्हा हे बघत होते." मी दोरीपलीकडे बसलेल्या त्या देवळाच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यांकडे बोट केलं. त्यांनी माना हलवल्या, पण हो की नाही ते कळू दिलं नाही.

भगत माणूस समंजस होता. भांडणात वाट काढायची त्याला सवय. म्हणाला, "यक काम करू. तुज्या घरवाल्याचा नाव सांग. मोरेश्वर पाटील आनि घाग. झ्याक! आता पुकारतो."

मोरूशेठ लगेच खूश. "हां! घाग तं आमचा भाव हाय! या घागसाहेब, वर या!"

सगळे घागांकडे बघायला लागले. ते हत्यारांची पिशवी सावरत म्हणाले, "अहो, मला स्पार्क प्लग कुठे असतो तेही ठाऊक नाही. माझं नाव कशाला?"

हशा पिकला. पण मी हसत नव्हते. मी तोलत होते. घाग हे आडनाव तर पुकारलं जाणारच होतं. दुकान आमचंच. गिऱ्हाइकाने येऊन विचारलं असतं, घागांचं दुकान कुठे, आणि सापडलंही असतं. धंद्याच्या हिशेबाने ऑफर अर्ध्याच्या वर होती. त्याहून कमी भावात मी आयुष्यात पुष्कळ सौदे मिटवले आहेत आणि रात्री शांत झोपले आहे. भावाच्या वस्तूला भाव असतो. पण त्या दोन दुपारी खडू धरून बसलेली बाई अर्धी कशी विकायची? तिचे दोन भाग होत नव्हते.

"नको," मी म्हटलं. "पुकारा करायचा तर माझा. नाहीतर जोड फुटली."

"फुटली तं फुटली!" मोरूशेठचाही पारा चढला. "गारी माजी, दिनेश माजा, शेत माजा. फुटली जा!"

मी खाली उतरले. घागांच्या हातातून पिशवी घेतली आणि गाडीपाशी गेले. दिनेश हेल्मेट घालून बसलेला. त्याला म्हटलं, "ऊठ बाळा, मला काम आहे." तो काकाकडे बघत उठला. मी चार दगड गोळा केले, गाडी उचलून त्यांवर टेकवायला घागांना हाक मारली आणि मागच्या चाकाच्या नटाला पाना लावला.

मोरूशेठ धावत आला. "काय करतंस? ए बाय! फायनल हाय!"

"जोड फुटल्यावर काय करतात, शेठ?"

त्याला माहीत होतं, तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. जोड फुटली की ज्याने त्याने आपला बैल सोडायचा आणि आपल्या घरी न्यायचा. मैदान असो, लग्न असो, फायनल असो. दुसऱ्याच्या बैलावर एक क्षणही कोणाचा हक्क नाही. ती रीत त्यांचीच होती, माझी नव्हती.

"तुमचा बैल तुम्ही न्या. माझा मी सोडते आहे."

दोन-तीन तरुण पोरं पुढे सरसावली. तेव्हा त्या म्हाताऱ्यांपैकी एक, धोतर गुडघ्याच्या वर, काठी टेकत उठला. "राहू द्या रे," तो म्हणाला. "तिचा बैल हाय. मोरूनं हात ठेवला हुता. मी बघितलाय." पोरं थांबली.

मागचं चाक निघालं. मग पुढचं. मग हँडल. क्लच-ब्रेकच्या वायरी, ग्रिप मोरूशेठच्या, त्या मी सोडवून त्याच्या टाकीवर नीट गुंडाळून ठेवल्या. घुंगरमाळही काढून त्याच्या बायकोच्या हातात दिली. माझं होतं तेवढंच घेतलं. फोर्क, सीट आणि सायलेन्सर उतरवायला वेळ लागला असता, आणि मला थांबायचं नव्हतं. ते नंतर न्यायला येईन म्हणून सांगितलं, आणि गेलेही. चार दगडांवर त्याची गाडी बिनपायांची बसून राहिली.

आता पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. लोक सांगतात, मोरूशेठने पुढच्या वर्षी दुसरी चाकं बसवली आणि फायनल मारली. खरं आहे ते. चाकं अगदी माझ्या चाकांसारखी, बुश त्याच टर्नरकडचे. त्याने नाव कमावलं, गाडी प्रसिद्ध झाली, आणि आज गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं मला येऊन त्याचं नाव सांगतात. असो. त्या दिवशीचं मला सांगायचं आहे.

जोड फुटली तर तोही पुकारा करायचा असतो, नावांसकट. पुढच्या गाड्यांना कळावं, कोणी कोणाला नंतर दोष देऊ नये म्हणून. भगताने माईक तोंडाशी नेला, खाली घेतला, परत नेला. मी दोन्ही हातांत एकेक चाक उभं धरून त्याच्याकडे बघत थांबले. हाललेच नाही. म्हातारा काठीवर हनुवटी ठेवून त्याच्याकडेच बघत होता.

"गावदेवी प्रसन्न," भगत म्हणाला, आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. त्याने घसा खाकरला. मग मात्र पूर्ण छाती भरून घेतली. "फायनलची जोर फुटली! गारी मोरेश्वर पाटील यांची! चाकं... सुमती घाग यांची!"

भोंग्याने ते नाव धरलं आणि मोकळ्या शेतांवर लांबवर फेकलं. झाडाखालच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

मी चाकं ढकलत निघाले. बैल घेऊन निघालेल्या मालकाला देतात तशी लोकांनी मधून वाट करून दिली. घाग हँडल खांद्यावर घेऊन मागे येत होते. फोडलेला बांध ओलांडून आम्ही गाडीवाटेला लागलो. गठ्ठ्यांच्या टायरची रेघ धुळीत आमच्या मागे उमटत होती. मागे भगत पुढच्या गाड्यांची नावं पुकारत होता.

थोडं पुढे गेल्यावर घागांनी विचारलं, "अगं, आता?"

"आता काय! चाकं आहेत," मी म्हटलं. "इंजिन बघायचं."